मतपेटीतून आलेले दोन पिकासो

मे उजाडला की आमच्या वर्कशॉपमधला फोन थांबत नाही. ‘काच तडकली आहे, उद्या दुपारपर्यंत बदलून मिळेल का?’ ‘चित्र परवा पोचतंय, मापं आत्ता कळवतो, पट्टी कापून ठेवा.’ ‘फ्रेम फार चकचकीत दिसतेय, जरा दबवता येईल का?’ स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात ऱ्हाईन नदीच्या उजव्या काठावर, क्लाइनबाझल भागातल्या एका गल्लीत, चित्रांना फ्रेम करणारं हे वर्कशॉप आहे. मी तिथं कागदावरच्या चित्रांचं माउंटिंग करते. मूळची कोल्हापूरची. चित्रकला तिथंच शिकले. नवऱ्याला इथल्या औषध कंपनीत नोकरी लागली, तेव्हा या गावी आले आणि या गावानं माझ्या हाताला माझ्या शिक्षणाचं काम दिलं.

फोन वाजत असतात ते आर्ट बाझलमुळे. दरवर्षी जूनच्या मध्याला इथं समकालीन आणि आधुनिक कलेचा आंतरराष्ट्रीय मेळा भरतो. २०२५ साली त्यात ४२ देशांतल्या २८९ गॅलऱ्या आल्या होत्या आणि ८८ हजार लोक तो पाहून गेले. बाझल शहराची वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास. म्हणजे शहराच्या निम्म्या लोकसंख्येएवढी माणसं एका आठवड्यात येऊन जातात. भारतातून येणारे नातेवाईक, ओळखीचे मला हमखास विचारतात, एवढ्याशा गावात हे कसं काय? झुरिक मोठं, पॅरिस मोठं, लंडन तर त्याहून मोठं. या प्रश्नाचं जे उत्तर इथं राहून मला मिळालं, ते सांगण्यासाठीच हा लेख.

आधी मेळा म्हणजे काय ते पाहू. चित्रकार इथं स्वतः दुकान मांडत नाही. गॅलरी मांडते. गॅलरीनं आधी अर्ज करायचा. गॅलरीवाल्यांचीच एक निवड समिती अर्ज तपासते. बऱ्याच गॅलऱ्यांना नकार येतो. निवड झाली की जागेचं भाडं, चित्रं आणण्याचा खर्च, विमा, माणसांचा राहण्या-खाण्याचा खर्च सगळा गॅलरीचा. चित्र कलावंताकडून पहिल्यांदाच विकलं जात असेल तर किमतीची निम्मी-निम्मी वाटणी, हा सर्वसाधारण रिवाज. पण ज्या चित्राला आधीच मालक आहे, असं जुनं चित्र पुन्हा विकलं जातं तेव्हा पैसे मालकाला आणि गॅलरीला जातात. युरोपीय संघातल्या देशांत अशा पुनर्विक्रीतून चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना काही टक्के देण्याचा कायदा आहे. स्वित्झर्लंडमध्ये तो नाही. हे मला पटत नाही, आणि आमच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या चित्रकारांपैकी कुणालाही ते पटलेलं मी पाहिलं नाही.

मेसेप्लाट्झ या चौकात मेळ्याच्या इमारती आहेत. दोन नंबरच्या हॉलमध्ये मुख्य मेळा. ही इमारत १९५४ सालची. मधोमध गोल उघडा चौक, त्याच्याभोवती दोन मजल्यांवर गॅलऱ्या. खालच्या मजल्यावर पिकासो, मिरो, जाकोमेत्ती, रोथको यांसारखी मोठी नावं, वरच्या मजल्यावर बहुतांशी आजचे, हयात कलावंत. एक नंबरच्या हॉलमध्ये ‘अनलिमिटेड’ हा विभाग असतो, २००० सालापासून. एखाद्या स्टॉलमध्ये मावणारच नाहीत अशा प्रचंड कलाकृती तिथं ठेवतात. २०१७ साली सुबोध गुप्ता यांनी तिथं वापरलेल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांची एक झोपडी टांगली होती, आत चूल मांडून स्वतः स्वयंपाक करून लोकांना वाढलं होतं. चेपलेल्या पातेल्यांखाली बसून जेवणारे लोक तेव्हा कलाकृतीचा भाग झाले होते.

मंगळवार आणि बुधवार निमंत्रितांचे. मोठ्या खरेद्या या दोन दिवसांत होतात. त्याही आधी चित्रांच्या याद्या आणि फोटो ग्राहकांकडे गेलेले असतात, त्यामुळे दार उघडतानाच काही चित्रं राखून ठेवलेली असतात. गुरुवारपासून रविवारपर्यंत तिकीट काढून कुणीही जावं. भिंतीवर किंमत सहसा लिहिलेली नसते. विचारलं की सांगतात.

आता माझ्या कामाचं थोडं सांगते, कारण मेळ्याची खरी नाडी मला तिथं कळली.

चित्राची लाकडी पेटी आली की ती लगेच उघडायची नाही. विमानातली थंडी, ट्रकमधली उष्णता आणि खोलीतली हवा यांत फरक असतो. पेटी एक दिवस तशीच बंद ठेवायची, आतलं लाकूड आणि कागद खोलीच्या हवेला सरावू द्यायचे. मग हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून पेटी उघडायची. दिवे मालवून बारीक टॉर्च चित्राच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरायचा. समोरून न दिसणारी प्रत्येक सुरकुती, रंगाचा सुटलेला पापुद्रा, बोटाचा ठसा त्या तिरक्या उजेडात सावली टाकतो. हे सगळं चित्राच्या फोटोवर खुणा करून लिहून ठेवायचं. त्याला कंडिशन रिपोर्ट म्हणतात. मेळा संपल्यावर पुन्हा तीच तपासणी. लाखो फ्रँकांचे व्यवहार या एका कागदावर अवलंबून असतात.

कागदावरचं चित्र बोर्डाला चिकटवायचं नसतं. मागच्या बाजूनं, वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या लावायच्या आणि चित्र त्यांवर टांगायचं. खळ गव्हाच्या स्टार्चची, घरी शिजवलेली, कारण ती नंतर पाण्यानं सोडवता येते. पन्नास वर्षांनी कुणाला चित्र काढून पाहावंसं वाटलं तर त्याचे हाल होऊ नयेत. आणि पट्टीचा कागद चित्राच्या कागदापेक्षा नेहमी कमजोर निवडायचा. चित्र हातातून पडलं, हिसका बसला, तर फाटायची ती पट्टी. मला हा नियम पहिल्यांदा सांगितला गेला तेव्हा या धंद्याबद्दलचा माझा आदर दुणावला. चित्र, काच, बोर्ड यांच्या रचनेत कुणी आधी तुटायचं हे ठरवून ठेवलेलं असतं आणि ते चित्र कधीच नसतं.

या कामाला इथं किती माणसं लागतात! फ्रेमवाले, पेट्या करणारे सुतार, वाहतूकदार, कस्टमचे कागद करणारे, चित्र भिंतीवर लावणारे, कागद आणि रंग दुरुस्त करणारे. मेळा आठवड्याचा, पण ही माणसं बारा महिने कामात असतात, कारण या गावात संग्रहालयं चाळीसच्या घरात आहेत. माझ्या प्रश्नाचं उत्तर इथून उलगडायला लागलं. मेळ्यानं हे शहर घडवलं असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात शहर कितीतरी आधी घडलेलं होतं.

किती आधी? सोळाव्या शतकात बाझल हे छपाईचं मोठं केंद्र होतं. विचारवंत इरॅस्मस इथं राहून गेला, त्याची पुस्तकं इथं छापली गेली. त्याचे मित्र आमरबाख घराणं. या घराण्यातल्या बासिलियुसनं चित्रं, रेखाटनं, नाणी, पुस्तकं असा मोठा संग्रह जमवला. पुढं वारसांनी तो विकायला काढला आणि ॲम्स्टरडॅमला जाण्याची वेळ आली, तेव्हा १६६१ साली शहरानं आणि विद्यापीठानं मिळून तो विकत घेतला. दहा वर्षांनी लोकांसाठी खुला केला. रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक व्हायला तेव्हा तीन वर्षं होती. राजाचा खजिना नाही, देवळाचा ठेवा नाही. गावच्या पैशांनी घेतलेली, गावच्या मालकीची चित्रं. आजच्या कुन्स्टम्युझियमचा, म्हणजे शहराच्या कलासंग्रहालयाचा पाया तो.

त्या संग्रहातलं एक चित्र तुम्ही पाहावंच. धाकट्या हान्स होल्बाइननं १५२१-२२ मध्ये काढलेला, कबरीतला मृत ख्रिस्त. लाकडी फळी दोन मीटर लांब आणि उंची जेमतेम तीस सेंटीमीटर. एक प्रेत मावेल एवढीच जागा. तोंड किंचित उघडं, डोळे अर्धे मिटलेले, हात हिरवट पडलेला, मधलं बोट कडेशी टेकलेलं. देवत्वाची एकही खूण चित्रकारानं ठेवलेली नाही. १८६७ साली दोस्तोव्हस्की पत्नीसह इथं आला होता आणि या चित्रासमोर इतका खिळून राहिला की त्याला फेफऱ्याचा झटका येतो की काय, अशी तिला भीती वाटली. त्याच्या ‘इडियट’ या कादंबरीत हे चित्र येतं.

गावानं चित्रं विकत घेतल्याचा दुसरा प्रसंग १९३९ चा. नाझी राजवटीनं आधुनिक चित्रांना विकृत ठरवून जर्मनीतल्या संग्रहालयांतून ती काढली आणि परकीय चलनासाठी विकायला काढली. तेव्हा गेऑर्ग श्मिट हे कुन्स्टम्युझियमचे नवे संचालक. त्यांनी शहराकडून ५० हजार फ्रँकांची खास तरतूद मंजूर करून घेतली आणि काही बर्लिनमधून, काही ल्युसर्नच्या लिलावातून अशी २१ कामं आणली. त्यांत फ्रान्झ मार्कचं १९१३ सालचं ‘प्राण्यांची नियती’ हे मोठं चित्र आहे. दुरुस्तीच्या कामातल्या माणसानं त्याच्यासमोर थांबायलाच हवं. मार्क पहिल्या महायुद्धात मारला गेला, त्यानंतर गोदामाच्या आगीत या चित्राचा उजवा भाग जळाला. त्याचा मित्र पाउल क्ले यानं तो पुन्हा रंगवला. पण क्लेनं आपला हात लपवला नाही. डावीकडे निळा, हिरवा, लाल यांचा भडका आणि उजवीकडचा भाग मंद, तपकिरी. मित्राचं चित्र पुरं करायचं, पण त्याचं म्हणून आपलं काही खपवायचं नाही. दुरुस्ती अशी असावी असं मला मनापासून वाटतं.

आणि आता १९६७. या गावाबद्दल एकच गोष्ट सांगायची असेल तर मी ही सांगते.

त्या वर्षी एप्रिलमध्ये बाझलच्या ग्लोब एअर या कंपनीचं एक विमान बँकॉकहून परत येत होतं. कोलंबो, मग मुंबई, पुढं कैरो आणि शेवटी बाझल असा त्याचा मार्ग. मुंबईहून उडालेलं ते विमान वाटेत खराब हवामानामुळे कैरोऐवजी सायप्रसला निकोसियाकडे वळलं आणि उतरता उतरता टेकडीवर आदळलं. १२६ माणसं गेली. कंपनी बुडाली. त्या कंपनीत मोठा हिस्सा असलेले गृहस्थ बाझलच्या श्टेहेलिन घराण्यातले. या घराण्याच्या न्यासाची चित्रं वर्षानुवर्षं कुन्स्टम्युझियममध्ये ठेवीदाखल टांगलेली होती. पैसे उभे करायचे तर चित्रं विकणं आलं. एक व्हॅन गॉग गेला. नंतर वेळ आली दोन पिकासोंची: १९०६ सालचं ‘दोन भाऊ’, ज्यात एक किशोरवयीन मुलगा धाकट्याला पाठुंगळी घेऊन उभा आहे, आणि १९२३ सालचं ‘बसलेला हार्लेक्विन’.

न्यासानं शहराला सांगितलं, ८४ लाख फ्रँक द्या, दोन्ही चित्रं तुमची. प्रांतिक सरकारनं आणि विधिमंडळानं ६० लाख मंजूर केले. उरलेले २४ लाख लोकांनी जमवायचे ठरलं. पण स्वित्झर्लंडमध्ये नागरिक सह्या गोळा करून सरकारी निर्णय जनमताला लावू शकतात. करदात्याचा पैसा पिकासोवर का, असं विचारणाऱ्यांनी पुरेशा सह्या जमवल्या आणि मतदान जाहीर झालं. चित्रं विकत घ्यायची की नाही, हे गावानं मतपेटीत टाकायचं!

आमच्या वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर एक आजी राहतात. १९६७ मध्ये त्या शाळकरी होत्या. कॉफी प्यायला खाली येतात तेव्हा त्या दिवसांचा विषय निघाला की त्यांचा चेहरा उजळतो. ‘आम्ही मुली डबे घेऊन फिरायचो,’ त्या सांगतात. ‘बाबा म्हणायचे, एवढ्या पैशांत किती घरं होतील. आई काही बोलायची नाही. मतदानाच्या दिवशी ती चांगला कोट घालून गेली.’ बाझल-शहर प्रांतात स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९६६ साली, देशपातळीवर मिळाला तो १९७१ मध्ये. म्हणजे त्या आईंच्या आयुष्यातल्या अगदी पहिल्या मतदानांपैकी एक मतदान दोन चित्रांसाठी होतं. त्यांनी कोणत्या बाजूनं मत दिलं ते त्यांनी घरात कधीच सांगितलं नाही.

नोव्हेंबरमध्ये गावानं ‘भिकाऱ्यांचा उत्सव’ केला. रस्त्यारस्त्यांवर गाणी, खाऊचे ठेले, बूटपॉलिश. प्रतिष्ठित माणसं झोळी घेऊन उभी. तरुणांच्या छातीवर बिल्ले होते, ‘ऑल यू नीड इज पाब्लो’. बीटल्सचं ते गाणं त्याच वर्षीचं. उद्योगांनी, शेजारच्या प्रांतानं, साध्या माणसांनी हातभार लावला आणि २४ लाख उभे राहिले. डिसेंबरमध्ये मतमोजणी झाली: बाजूनं ३२,११८, विरुद्ध २७,१९०. चित्रं गावात राहिली.

फ्रान्समध्ये मुजांला राहणाऱ्या पिकासोच्या कानावर हे गेलं. त्याचं वय तेव्हा ८६. त्यानं कुन्स्टम्युझियमचे संचालक फ्रान्झ मायर यांना घरी बोलावलं आणि चार कामं भेट दिली: एक १९०६ चं, एक ‘आविन्योच्या तरुणी’ या प्रसिद्ध चित्राच्या तयारीचं, आणि दोन १९६७ मध्येच काढलेली. ही भेट बाझलच्या तरुणांना आहे, असं त्यानं सांगितलं. हे पाहून चित्रसंग्राहक माया साखर यांनीही आपल्याकडचं ‘कवी’ हे पिकासोचं १९१२ चं चित्र संग्रहालयाला दिलं. दोन चित्रांसाठी भांडलेल्या गावाला सात मिळाली.

विरोधात मत देणाऱ्या २७ हजारांना मी अडाणी मानत नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न रास्त होता आणि तो विचारला गेला म्हणूनच गावातल्या प्रत्येक घरात, बेकरीत, ट्रामच्या थांब्यावर महिनोन्महिने पिकासोची चर्चा झाली. सरकारनं गुपचूप चित्रं घेतली असती तर ती एका खात्याची राहिली असती.

आर्ट बाझल सुरू झाला १९७० साली, या मतदानानंतर तीनच वर्षांनी. एर्न्स्ट बायलर, ट्रुडल ब्रुकनर आणि बाल्ट्झ हिल्ट या तीन स्थानिक गॅलरीवाल्यांनी तो काढला. त्याच्या तीन वर्षं आधी जर्मनीत कोलोनला आधुनिक कलेचा असा बाजार भरला होता, पण तिथं जर्मन गॅलऱ्यांनाच प्रवेश होता. बाझलच्या तिघांनी दार सगळ्यांना उघडं ठेवलं. जर्मनी आणि फ्रान्स यांच्या सीमा जिथं मिळतात त्याच टोकावर हे गाव, त्यामुळे येणं सोपं. पहिल्याच वर्षी दहा देशांतल्या ९० गॅलऱ्या आल्या आणि सोळा हजारांवर लोक. पुढं याच नावानं मायामीत २००२ पासून, हाँगकाँगमध्ये २०१३ पासून, पॅरिसमध्ये २०२२ पासून मेळे भरू लागले; २०२६ मध्ये कतारमधल्या दोहाची भर पडली.

बायलर हे जुन्या पुस्तकांच्या दुकानात मदतनीस होते. १९४५ मध्ये मालक वारल्यावर त्यांनी ते दुकान घेतलं आणि हळूहळू पुस्तकांच्या जागी चित्रं आली. बॉइमलाइनगासे या चढाच्या गल्लीतल्या त्या घरातून त्यांनी जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांना चित्रं विकली. जी विकावीशी वाटली नाहीत ती ठेवून घेतली, आणि त्यांसाठी १९९७ साली शेजारच्या रीहेनमध्ये संग्रहालय उघडलं. इमारत रेन्झो पियानो यांची. छतातून गाळून येणारा दिवसाचा उजेड, आणि मोठ्या काचेबाहेर पाणी, त्यापलीकडे शेतं. मेसेप्लाट्झवरून सहा नंबरची ट्राम थेट दारात जाते.

सामान्य माणूस आणि नवी कला यांचं भांडणही या गावात खुल्या रस्त्यावर होतं. १९७७ मध्ये संग्रहालयानं जर्मन कलावंत योसेफ बॉइस याची ‘अग्नीची जागा’ ही मांडणी तीन लाख फ्रँकांना घेतली: तांब्याच्या आणि लोखंडाच्या कांबी, नमद्याचे तुकडे, एक हातगाडी. गावात गदारोळ उठला. पुढच्या वर्षी फासनाख्त या इथल्या रंगीत उत्सवात एका मंडळानं बॉइससारखे नमद्याचे पोशाख घालून, हातात कांबी घेऊन मिरवणूक काढली. आणि त्या मिरवणुकीत खुद्द बॉइस सामील झाला! नंतर त्यांनी टाकलेले पोशाख आणि कांबी गोळा करून त्यानं दुसरी कलाकृती रचली आणि ती संग्रहालयाला भेट दिली. ज्यांनी टर उडवली त्यांचीच वस्त्रं आज संग्रहालयात आहेत.

बाकीच्या जागा धावत्या सांगते. जुनं नाट्यगृह पाडलं तिथं १९७७ पासून शिल्पकार जाँ टिंगेलीचं कारंजं आहे. त्याच नाट्यगृहातल्या भंगारातून केलेल्या लोखंडी आकृत्या उथळ तळ्यात पाणी उडवत असतात. ड्राइश्पिट्झ या जुन्या गोदामांच्या भागात आता कलाशाळा आहे आणि त्याला लागून शाउलागर, म्हणजे कलाकृती पेट्यांत न कोंडता उघड्या मांडून जपणारं भांडार. १९९६ मध्ये एका जुन्या ब्रुअरीत सुरू झालेला ‘लिस्टे’ हा तरुण गॅलऱ्यांचा मेळा आर्ट बाझलच्याच आठवड्यात भरतो. मोठ्या मेळ्यात पुढं गाजणारी नावं आधी तिथं दिसतात. मी स्वतः पहिल्यांदा तिथंच जाते.

सगळं छान आहे असं नाही. मेळ्याच्या आठवड्यात खोलीची भाडी अवाच्या सव्वा होतात. लहान गॅलऱ्यांचा जीव खर्चानं मेटाकुटीला येतो. आमच्याकडे फ्रेम करून नेलेली चित्रं रविवारी संध्याकाळी तशीच परत पेटीत जातात तेव्हा ती माणसं काय गमावून चालली आहेत ते मला कळतं. खालच्या मजल्यावर काही चित्रं गुंतवणूक म्हणून विकत घेतली जातात आणि थेट जकातमुक्त गोदामात जातात, कुणाच्याही भिंतीवर न लागता. हे मला सलतं. पण त्याच रविवारी बाझलमधली कुटुंबं बाबागाडी ढकलत हॉलमध्ये येतात, मुलांना चित्रांसमोर उभं करतात आणि वाद घालतात. जगातल्या कुठल्याही शहरात पैसे ओतून हॉल बांधता येईल. हा प्रेक्षक तयार व्हायला १६६१ पासून आजपर्यंतचा काळ लागला आहे.

म्हणून मुंबईबद्दल बोलते. २०२३ पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर ‘आर्ट मुंबई’ हा मेळा भरतोय, त्याचा मला आनंद आहे. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे, जे. जे. कला महाविद्यालय त्याहून कितीतरी जुनं. आणि भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ साली लोकांसाठी खुलं झालेलं आणि मालकी मुंबई महापालिकेची, म्हणजे मुंबईकरांची. माझी मागणी एवढीच आहे. महापालिकेनं दरवर्षीच्या अर्थसंकल्पात हयात चित्रकार-शिल्पकारांची कामं विकत घेण्यासाठी वेगळी रक्कम ठेवावी, काय घेतलं आणि कितीला घेतलं हे कामाशेजारच्या पाटीवर लिहावं, आणि ज्यांना ते पटणार नाही त्यांना जाहीर सभेत बोलू द्यावं. वाचकहो, तुमच्या प्रभागात मतं मागायला कुणी आलं तर रस्ता, पाणी, कचरा यांच्या जोडीला हेही विचारा.